रस्ता मोकळा करणारा सैनिक
(हमरापूर येथे ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर संस्थेच्या वतीने झालेले भाषण)



आपल्या फाट्यावरून दक्षिणेस जाणारा महामार्ग माणगाव, महाड आणि पुढे गोवा ओलांडून कारवारला पोहोचतो. तेथून जवळच चेंडिया हे गाव आहे. परमवीर चक्राचे मानकरी मेजर रामा राघोबा राणे मूळचे त्या गावचे. गणेशमूर्ती घडविणारे आपले हमरापूर हातांच्या कामावर जगते. राणे यांचे शौर्यही हातांचेच होते, म्हणून आज येथे त्यांचे स्मरण करावेसे वाटले.

२६ जून १९१८ रोजी जन्मलेले राणे पोलीस शिपायाचे पुत्र. १० जुलै १९४० रोजी ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे निघाले, तेव्हा वाटेत सुरुंग पेरलेले होते, झाडे आडवी पाडलेली होती, पूल उद्ध्वस्त केलेला होता. ८ एप्रिलला काम सुरू होताच तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील दोघे ठार झाले. जखमी झालेल्या पाच जणांत राणे स्वतः होते. तरीही ते थांबले नाहीत. रणगाड्याखाली सरपटत, दोरीच्या खुणेने चालकास इशारा देत त्यांनी सुरुंगांमधून वाट काढली. चार दिवस हे काम चालले. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोहोचले, आणि तेथील निर्वासितांचे प्राण वाचले. या पराक्रमात शत्रूवर झेप घेण्याचा प्रसंग नाही, मागून येणाऱ्यांसाठी रस्ता मोकळा करणे एवढेच आहे. आम्हांस तो म्हणूनच मोठा वाटतो.

आपल्याच जिल्ह्यातील, माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे इटलीत धारातीर्थी पडले ते १० जुलै १९४४ रोजी. तारीख राणे यांच्या भरतीचीच, केवळ चार वर्षांनंतरची. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणाऱ्या घाडगे यांचे वय अवघे बावीस होते. वार्धक्य त्यांच्या वाट्यास आलेच नाही.

राणे यांच्या वाट्यास ते आले. १९५५ मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नी राजेश्वरीबाई यांच्यासह त्यांनी संसार केला. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, पुण्यात निवर्तले. अठ्ठावीस वर्षे सैन्यात आणि जवळजवळ तितकीच घरी! पदकाच्या कथेत ही दुसरी वर्षे येत नाहीत. आमच्याकडे येणारे वृद्ध सैनिक मात्र त्याच वर्षांतले असतात.

त्यांची एक सवय आम्ही वारंवार पाहतो. डॉक्टरांनी विचारले की, "काही नाही, बरे आहे," असे उत्तर येते. खरी हकिकत मागे उभी असलेली पत्नी सांगते, कधी सून सांगते. गुडघ्याची जुनी दुखापत, कमी झालेले ऐकू येणे, रात्रीची झोपमोड, हे सारे घरच्यांनाच ठाऊक असते. तेव्हा सोबत येणाऱ्यांनी संकोच न करता बोलावे. वडिलांचा मान त्यात कमी होत नाही.

राणे यांच्या हयातीत नसलेली एक सोय आज आहे. एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. निवृत्तिवेतनधारक सैनिक व त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय तिचे सभासद होऊ शकतात. योजनेच्या पॉलिक्लिनिकने शिफारस केल्यास मान्यताप्राप्त रुग्णालयात रोख न भरता उपचार मिळतात. घरोघरच्या कपाटांत ते कार्ड पदकांच्या पेटीशेजारी पडून असते, ते एकदा बाहेर काढावे. पत्नीचे कार्ड निघाले आहे की नाही, हेही त्याच दिवशी पाहून घ्यावे.