खिद्रापूरचा स्वर्गमंडप

आपल्या जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूर आहे. तिथलं कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढे यादव राजा दुसरा सिंघण याने देवाला दान दिलं. इ.स. १२१३-१४ च्या सुमाराचा त्याचा शिलालेख दक्षिणेकडच्या दाराजवळ आहे.

पहिल्यांदा लागतो तो स्वर्गमंडप. आत पाऊल टाकून मान वर केली, की छताच्या जागी गोल आकाश दिसतं. त्याखाली जमिनीवर अखंड गोल शिळा आणि तिच्याभोवती बारा कोरीव खांब. छत अपुरं राहिलं की होमाच्या धुरासाठी मुद्दाम उघडं ठेवलं, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. वरचं वर्तुळ आणि खालची शिळा एकमेकांशी इतकी जुळतात, की मला तरी हे कारागिराने ठरवून केलेलं वाटतं.

बाहेर फिरताना मात्र जीव कळवळतो. अख्ख्या देवळाचा भार पाठीवर घेतल्यासारखे दगडी हत्ती ओळीने उभे आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी हत्तींच्या सोंडा तुटलेल्या, वर बसलेल्या मूर्तींचे चेहरे फुटलेले.

अशा मोडतोडीचं काय करावं, हा विचार करताना मला इंग्लंडातली एक जागा आठवते, यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी. तिथलं गाव साधारण पाचशे वर्षांपूर्वी ओस पडलं. सेंट मार्टिनचं चर्च मागे राहिलं, आज तेही बिनछपराचं. त्याचा अर्धा मनोरा १९५९ साली ढासळला. तो पुन्हा नव्याने रचला नाही. उरलेल्या भिंती तेवढ्या सांभाळल्या आहेत. आपल्या खिद्रापुरात गावही नांदतं आहे आणि गाभाऱ्यात कोपेश्वर नि धोपेश्वर, दोघांची पूजाही चालू आहे. त्यामुळे आपल्याकडे जपणूक जास्त अवघड. हौसेने कुणी रंग देतो, भक्तीने कुणी तेल चोपडतो, आणि कोरीव काम पुटांखाली बुजत जातं.

तुटलेल्या सोंडेला सिमेंटची सोंड लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जे तुटलं तोही त्या देवळाचा इतिहासच आहे.

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र पाहायला स्वर्गमंडपात मोठी गर्दी होते. तुम्हीही जरूर जा. फक्त खांबांना पाठ टेकू नका, मूर्तींवर पाय ठेवून चढू नका आणि मुलांना दगडावर नाव कोरू देऊ नका.