पगार वाढला की नोकरीचं नाव बदलतं

(डोंबिवली येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



किमान वेतन वाढवलं तर तरुणांच्या नोकऱ्या जातात का, हा आजचा विषय. मालकांच्या संघटना म्हणतात, जातात. कामगार संघटना म्हणतात, हा नुसता बागुलबुवा आहे. माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात वेतन वाढलं की नोकरी सहसा जात नाही, तिचं नाव बदलतं. कालचा हेल्पर आज ‘ट्रेनी’ होतो, डिलिव्हरीचा पोऱ्या ‘पार्टनर’ होतो, कंपनीचा माणूस ठेकेदाराचा होतो. माणूस तोच, काम तेच. कायद्याचा हात मात्र त्याच्यापर्यंत पोचेनासा होतो.

आधी कायदा थोडक्यात पाहू. किमान वेतन कायदा १९४८ चा. किती पैसे म्हणजे किमान, हे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने सांगितलं: कमावणाऱ्या एका माणसामागे तीन जणांचं खाणं, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी २० टक्के. १९९१ मध्ये रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. त्याआधी, १९५७ मध्येच, क्राउन अ‍ॅल्युमिनियमच्या निकालात याच न्यायालयाने म्हटलं होतं की ज्या धंद्याला किमान वेतनही परवडत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे.

आता शास्त्राकडे वळू. पाठ्यपुस्तक सांगतं, भाव वाढला की मागणी घटते. मजुरी वाढली की मजूर कमी लागतात. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते वाढलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडची बर्गरची, तळलेल्या कोंबडीची उपाहारगृहं तपासली. तिथे काम करणारे बहुतेक तरुणच. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही. या अभ्यासावर पुढे पुष्कळ वाद झाले, नवी आकडेवारी मांडली गेली. तरी तोवर निकालात निघालेला प्रश्न पुन्हा उघडला तो उघडलाच. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. क्रूगर त्याआधीच, २०१९ मध्ये, गेले होते.

नोकऱ्या का घटल्या नाहीत? एक उत्तर असं की मालक बाजारभावापेक्षा कमी पगार देऊनही माणूस टिकवू शकतो, कारण कामगाराला दुसरीकडे जाणं सोपं नसतं. डोंबिवलीकरांना हे समजावून सांगायला नको. रेल्वेचा पास काढून दादर, बीकेसी गाठणारा मुलगा दहा ठिकाणचे पगार ताडून पाहतो. पण ‘सातच्या आत घरात’ या अटीवर कामाला निघालेली मुलगी स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्याच टापूत नोकरी शोधते. तिच्या दुकानदाराला हे ठाऊक असतं आणि तिचा पगार त्या हिशेबाने ठरतो. अशा ठिकाणी किमान वेतन वाढवलं तर नोकरी जाण्याचं कारण नाही. मालकाच्या हाती राहणारा फरक थोडा कमी होतो, इतकंच.

म्हणून वेतन कितीही वाढवावं का? नाही. याचा धडा अमेरिकेत शोधायला नको, आपल्याच राज्यात आहे. १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली, वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना आपण अभिमानाने सांगतो. १९८८ मध्ये शेतमजुरीचं किमान वेतन जवळपास दुप्पट झालं आणि त्याबरोबर हमीची मजुरीही. त्यानंतर हमीच्या कामावरची हजेरी घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांच्या १९९३ च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की ‘मागेल त्याला काम’ हे वचन सैल पडलं. काम मागणारे होते, पण कामं पुरेशी काढली गेली नाहीत. दर वाढला आणि तिजोरी तेवढीच राहिली, तर कात्री माणसांच्या संख्येवर चालते.

दुसरा धडा खाडीपलीकडे, भिवंडीत. यंत्रमागाचं किमान वेतन १९८६ मध्ये ठरलं आणि त्यानंतर सुधारलं ते थेट २०१५ मध्ये. पाच वर्षांच्या आत फेरविचार व्हावा असं कायदा सांगत असताना मधे जवळजवळ तीन दशकं गेली. इतक्या वर्षांची थकबाकी एका अधिसूचनेत वसूल करायला गेल्यावर मालकांनी विरोध केला यात नवल नाही. नियमित, लहान पावलांची वाढ धंद्याला पचते; वर्षानुवर्षांची झोप आणि मग एकदम उडी, यात धंदा आणि कामगार दोघेही घायाळ होतात.

आता आपल्या हद्दीत येऊ. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी सरकारने किमान वेतनाची परिमंडळं केली, पहिल्यात दर सगळ्यात जास्त: महापालिका पहिल्यात, मोठ्या नगरपरिषदा दुसऱ्यात, उरलेला भाग तिसऱ्यात. म्हणजे उल्हासनगर पहिल्यात आणि त्याला लागून असलेलं अंबरनाथ दुसऱ्यात. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियासारखी सीमा आपल्या दारात आहे! त्याहून मजेदार गोष्ट २७ गावांची. २००२ मध्ये ती कल्याण-डोंबिवली महापालिकेतून बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. म्हणजे मानपाडा, सोनारपाड्यातल्या दुकानातल्या पोराचं परिमंडळ हद्दीबरोबर बदललं. गावं पुन्हा आत आली त्या वर्षी दुकानदारांनी पगार वाढवले किंवा पोरं काढली, असं इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या कानावर आलं होतं का? (हशा) मालमत्ता कर वाढेल म्हणून सगळे बोलत होते, पगाराबद्दल कुणी नाही. जो दर कुणाला माहीतच नसतो, तो नोकरी देतही नाही आणि घेतही नाही.

मग आपल्याकडे बेकार कोण आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्थेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ ची आकडेवारी आहे: तरुण पदवीधरांमध्ये बेकारी २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. किमान वेतनाने नोकऱ्या खाल्ल्या असत्या तर त्याचा पहिला फटका अशिक्षित पोराला बसला असता. इथे उलटंच आहे. गेलेल्या नोकऱ्यांचं म्हणाल, तर ठाण्याचा रेमंड किंवा मोहन्याचा एनआरसी हे कारखाने घ्या. दोन्हींची चाकं २००९ मध्ये थांबली. तिथले कायम कामगार युनियनच्या करारावर होते, त्यांचे पगार किमान वेतनाच्या कितीतरी वर. त्या नोकऱ्या गेल्याचा हिशेब किमान वेतनाच्या नावावर मांडता येत नाही.

किमान वेतनाची खरी लढाई नावांवर चालते. शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा मुलगा वेतन संहितेच्या लेखी ‘कर्मचारी’ नाही. पाठीवर पिशवी घेऊन पलावा वसाहतीच्या मनोऱ्यांत जेवण पोचवणारा रायडरही नाही. त्याचा उल्लेख सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, पण त्याच्या ताशी कमाईला तळ नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार विद्यावेतन, तेही सरकारच्या तिजोरीतून. २०१९ च्या सुधारणेनंतर महापालिका हद्दीतल्या दुकानातल्या अकुशल कामगाराचं मूळ वेतनच १० हजारांच्या वर आहे, महागाईप्रमाणे मिळणारा विशेष भत्ता वेगळा. म्हणजे पदवीधर प्रशिक्षणार्थी झाडू मारणाऱ्याच्या कायदेशीर पगाराच्या खाली. शिकायला मिळत असेल तर हेही समजून घेता येईल. पण सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा झाली आणि ती संपल्यावर हेच तरुण ‘कायम करा’ म्हणत आंदोलनाला बसले. शिकणारा शिकून बाहेर पडतो. हे बाहेर पडायला तयार नव्हते, कारण त्यांच्या मते ते नोकरीच करत होते.

मालकाची बाजूही सांगायला हवी. वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात आठ माणसं घेऊन जॉबवर्क करणाऱ्याचा दर त्याची गिऱ्हाईक कंपनी ठरवते. विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, त्याचा जॉबवर्कचा दर मात्र जागचा हलत नाही. नौपाड्यातल्या पोळीभाजी केंद्राची मालकीण पोळीमागे रुपया वाढवते तर आपणच कुरकुरतो. वाढीचा भार सगळ्यात खालच्या पायरीवर उतरतो आणि तिथून तो पोराच्या हातात येणाऱ्या पैशांतून कापला जातो.

म्हणून माझं मागणं नुसतं ‘वेतन वाढवा’ असं नाही. दरवर्षी थोडं वाढवा, म्हणजे उडी मारावी लागणार नाही. वेतन वाढलं की कंत्राटाचा दर आपोआप वाढेल, असं कलम प्रत्येक महापालिकेच्या निविदेत आणि मोठ्या कंपनीच्या करारात घाला. प्रशिक्षणाच्या नावाने माणूस घ्यायचा असेल तर मुदत संपल्यावर किती जणांना नोकरी दिली, हे जाहीर करा. ज्यांनी एकालाही दिली नाही त्यांना पुढची तुकडी देऊ नका.

आणि एक मागणं तुमच्याकडे. इथल्या बहुतेकांची सोसायटी आहे. तिचा वॉचमन, सफाईवाला एजन्सीमार्फत येतो आणि एजन्सी निवडताना आपण सगळ्यात स्वस्त कोटेशन उचलतो. साधा हिशेब करा: बारा तासांच्या ड्युटीत आठ तास साधे आणि चार तास जादा कामाचे, दुप्पट दराने. म्हणजे कायद्याने सोळा तासांचे पैसे, दिवसाच्या वेतनाच्या दुप्पट. तुमच्या कोटेशनमध्ये तेवढे बसतात का? बसत नसतील, तर विशीतल्या त्या पोराचं वेतन बुडवण्यात सरकार, ठेकेदार यांच्याबरोबर आपलीही सही आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत एजन्सीकडून पगाराची फोड तासांसकट मागा. देखभाल खर्च काही रुपयांनी वाढेल, थोडी भांडणंही होतील. पण मुलांच्या नोकऱ्यांबद्दल एवढ्या कळकळीने चर्चा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तेवढी भांडणं ओढवून घ्यायलाच हवीत.