तत्त्वज्ञान कशासाठी शिकावे?



अमळनेर येथे १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ या गिरणीमालकांनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. व्यवहारात मुरलेल्या माणसाला या विद्येची गरज वाटावी, हे मला अर्थपूर्ण वाटते.

न्यायशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण घ्या. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान योग्य. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अयोग्य. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी सरपण ओले लागते! अशा फसव्या हेतूला नैयायिक हेत्वाभास म्हणतात. मुले शिकतात तेथे हजेरीपट भरलेला असतो, हे खरे. पण हजेरीपट भरला म्हणून मुले शिकली, असे आपण किती सहज मानतो! अहवालांत तर सर्रास.

दुसरी शिस्त पूर्वपक्षाची. प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडावयाचे, खंडन नंतर. ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघतो, तेव्हा ज्याची जमीन जाणार त्याची बाजू इतक्या प्रामाणिकपणे कोण मांडतो? बहुधा कोणीच नाही. ठराव बहुमताने संमत होतो आणि तंटा पुढच्या पिढीकडे जातो.