कुलूप उघडणाऱ्या हाताचा पगार

या अधिवेशनाला गावोगावहून आलेल्या ग्रंथपाल, शिक्षक आणि वाचनालयांच्या कार्यकर्त्यांपैकी कितीतरी जण आज वाचनालयाच्या दाराला कुलूप लावून निघाले असतील, कारण मागे बसायला दुसरं माणूसच नाही. शाळा आणि ग्रंथालयांना मिळणाऱ्या सरकारी पैशाची चर्चा त्या कुलपापासूनच सुरू व्हायला हवी.

हा प्रश्न नवा नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्यानं 1906 साली राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर पोर चार वर्षांत अक्षरं विसरतं. म्हणून 1910 साली विल्यम बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आला. गावानं वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीनं घालायची आणि तेवढीच सरकारनं, असं सूत्र ठरलं. वाचनालय नसलेल्या गावांना लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तकं जात. सरकारी पैसा गावाच्या पैशामागून येई, म्हणून वाचनालय गावाला आपलं वाटे.

दुसरं उदाहरण फार लांबचं, तरी इथं सांगायलाच हवं. 1930 च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकन सरकारनं बेकारांना काम देण्यासाठी पैसा ओतला. त्यातून केंटकीच्या डोंगराळ भागात बायका घोड्या-खेचरांवरून पुस्तकं पोचवू लागल्या. महिन्याला 28 डॉलरच्या आसपास पगार. सरकार पैसा देई तो पगाराला. पुस्तकं लोकांनी दान केलेली. जुन्या मासिकांतल्या पाककृती आणि चित्रं कापून, चिकटवून या बायका वह्या तयार करत, आणि घराघरांत त्याच वह्यांना मागणी असे! 1943 साली ती योजना बंद झाली. वाचक होते, वाटा पाठ होत्या, पगार तेवढा थांबला. आणि घोडी दारात यायची थांबली.

आता आपल्या घरचं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यातलं छोटं वाचनालय बहुधा ‘ड’ मध्ये. त्याचं वार्षिक अनुदान दहाएक वर्षं 30,000 रुपयांवर अडकलं होतं. 2022 साली 60 टक्के वाढीचा निर्णय झाला, तेव्हा ते 48,000 झालं. वाढीचं स्वागतच आहे. पण त्यातलं निम्मं पगाराला धरलं, तर वर्षाचे 24,000, म्हणजे महिन्याचे 2,000 रुपये. एवढ्यावर वाचनालय सांभाळणारा माणूस सकाळी शटर उचलतो, झाडतो, वर्तमानपत्रं टेबलावर मांडतो, दाखल नोंद करतो, देवघेव सांभाळतो, फाटक्या पुस्तकांना खळ लावतो आणि मार्चअखेर हिशेब तपासणीचे कागद जुळवतो. अनुदानाचा हप्ता लांबला की वीजबिलही बहुधा त्याच्याच खिशातून.

शाळेत वेगळंच दिसतं. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी 5,000 ते 20,000 रुपयांची तरतूद आहे. पुस्तकांचा गठ्ठा येतो, नोंद होते, कपाट बंद होतं. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई कोणी करायची, या धास्तीनं किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये राहते. बहुतेक प्राथमिक शाळांत ग्रंथपालाचं पदच नाही. जो शिक्षक पोषण आहाराची नोंद ठेवतो, त्यानंच पुस्तकं द्यायची.

इमारत, संगणक, रॅक यांसाठी एकरकमी पैसा मिळवणं तुलनेनं सोपं असतं. उद्घाटनाची फीत कापता येते, फोटो निघतो. दरमहा एका माणसाच्या खात्यात जाणारा पगार कुणाच्या फोटोत येत नाही. अधिवेशनाच्या स्वागत समितीचा आग्रह त्या पगारासाठीच आहे. अनुदानवाढीचा ठराव जरूर करावा, पण त्यात वेतनाचा आकडा वेगळा आणि ठळक लिहावा.

प्रत्येकाच्या पिशवीत एक कोरा तक्ता ठेवला आहे. वाचनालय रोज किती तास उघडं असतं, ते उघडणाऱ्याला महिन्याला किती रुपये मिळतात आणि गेला हप्ता कोणत्या महिन्यात आला, एवढंच त्यात भरायचं आहे. शाळांतल्या मंडळींनी कपाटाची किल्ली कुणाकडे असते, तेही लिहावं. जेवणाच्या सुट्टीपूर्वी कार्यकर्ते तक्ते गोळा करतील. दुपारच्या सत्रातला ठराव त्याच आकड्यांवर उभा राहणार आहे.