गुरुवर्य प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर

(सुवर्णमहोत्सवानिमित्त शिरड शहापूर येथे झालेल्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी. कॉम. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. एका अध्यापकाविषयी मात्र बोलू इच्छितो.

नारळीकर म्हटले की आपणांस २०२५ साली दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर आठवतात. मी सांगणार आहे ते त्यांच्या वडिलांविषयी. विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर येथे झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून ते केंब्रिजला गेले, १९३० मध्ये रँग्लर झाले आणि एडिंग्टन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाच्या सहवासात संशोधन करू लागले. अशा वेळी पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना काशी हिंदू विश्वविद्यालयात बोलाविले. १९३२ साली, वयाची पंचविशीही गाठली नसताना, ते तेथे गणित विभागाचे प्रमुख झाले.

विभाग गणिताचा, पण ध्यास आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताचा. त्या काळी हा विषय जाणणारे आपल्या देशात किती असतील? ज्या पेठेत गिऱ्हाईकच नाही तेथे दुकान थाटण्याचे धाडस आम्ही व्यापारी करीत नाही. नारळीकरांनी ते केले.

दहा वर्षांनी एक गिऱ्हाईक आले. १९४२ मध्ये प्रह्लाद चुनीलाल वैद्य नावाचे गुजराती तरुण, पत्नी व तान्ह्या मुलीसह, साठविलेल्या पैशांवर राहून शिकण्यासाठी काशीस आले. तारा प्रकाश देतो, म्हणजे स्वतःच्या वस्तुमानातून खर्च करतो. १९१६ सालचे श्वार्त्सशिल्ड यांचे गणित हे मुद्दल कायम धरून मांडलेले होते. मुद्दल घटत जाणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे उत्तर वैद्यांनी नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली शोधले व १९४३ साली प्रसिद्ध केले. जग त्यास शिष्याच्याच नावाने ओळखते. गुरूच्या खातेवहीत ही जमा कोठे लिहावी, हे माझ्या बी. कॉम.ला अद्याप उमगलेले नाही.

घरीही तेच. भिंतींवर मुलांसाठी काळे फळे लावलेले. त्यांवर जयंतरावांचे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, अवघड गणिते लिहून ठेवीत आणि जयंतराव ती सोडवीपर्यंत पुसत नसत.

१९६० मध्ये काशी सोडून ते राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. पुढे पुणे विद्यापीठात पुन्हा अध्यापनाकडे वळले. १९९१ साली त्यांचे निधन झाले.

आता थोडे घरातले. गतवर्षी माझ्या नातवाने भौतिकशास्त्र शिकून अध्यापक होण्याची इच्छा बोलून दाखविली. "त्यात मिळणार काय?" असे सर्वांदेखत विचारणारा मीच होतो. पोरगा गप्प बसला. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. हे भाषण तयार करताना ते शब्द मला फार बोचले. परवा दुकानामागच्या खोलीतील कापडाचे ठाण मी हलविले आणि त्यास म्हणालो, "ही भिंत तुझी. फळा केवढा हवा, ते माप तू सांग."