मूत्राशयदाह : संकोच नको, उपचार हवा



पांढुर्णा व सौंसर तहसिलींत कापूस वेचणाऱ्या, संत्र्यांच्या बागांत राबणाऱ्या अनेक स्त्रिया आडोशाअभावी पाणी कमी पितात, लघवी रोखून धरतात. त्यामुळे मूत्राशयदाहाचा धोका वाढतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा सुमारे ४ सेंटिमीटर लांब असल्याने आतड्यातील जंतू मूत्राशयात सहज शिरतात. लघवीस जळजळ, वारंवार लागणे, ओटीपोटात दुखणे ही त्याची लक्षणे होत.

लघवी तपासून घ्यावी. डॉक्टरांनी दिलेली औषधे ठरलेल्या दिवसांपर्यंत घ्यावीत; बरे वाटताच सोडू नयेत. थंडीताप, कुशीत वेदना किंवा लघवीत रक्त आढळल्यास, तसेच गरोदरपणी, विलंब न करता रुग्णालय गाठावे.

शेतात आडोसा व पिण्याचे पाणी पुरविणे हे शेतमालकाचे कर्तव्यच होय.