नृत्याच्या वेषांतील छायाचित्र

डिसेंबर-जानेवारी हे कोल्हापुरांतील शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस. पडद्यामागें नऊवारी लुगडीं नेसलेल्या मुली आणि फेटे बांधलेले मुलगे आपल्या नृत्याची पाळी केव्हां येते याची वाट पाहत असतात. कोणाचा पदर सुटतो, कोणाचें घुंगरूं निसटतें. पाय मात्र सर्वांचेच मनांतल्या मनांत ठेका धरून असतात. इतक्यांत कोणी तरी म्हणतें, "चला, एक फोटो होऊन जाऊं द्या!" आणि त्याच क्षणीं एक चमत्कारिक गोष्ट घडते. घटकेपूर्वीं जिच्या अंगीं वाऱ्यावरच्या वेलीची लवचिकता होती, तीच मुलगी एकाएकीं खांबासारखी ताठ होते. हातांचें काय करावें हें तिला कळत नाहीं. फोटो निघतो; त्यांत लुगड्याची जर दिसते, गळ्यांतला साज दिसतो, पण नाचणारी मुलगी कांहीं दिसत नाहीं.

नृत्याचा फोटो चांगला यावयाचा तर प्रथम या ताठरपणाचें मूळ पाहिलें पाहिजे, आणि तें बरेंच जुनें आहे. फोटोग्राफीच्या आरंभीच्या काळांत प्लेटेवर ठसा उमटावयास कित्येक सेकंद लागत. तेवढ्यांत मान हलली तर चेहरा पुसट व्हावयाचा. म्हणून बसणाऱ्याच्या मानेमागें, फोटोंत दिसणार नाहीं अशा बेतानें, लोखंडी टेकू ठेवण्याची चाल पडली. जुन्या तसबिरींतील माणसें सहसा हंसत नाहींत याचें एक कारण हेंच. तितका वेळ हंसूं टिकवून धरणें सोपें नव्हतें. आज कॅमेऱ्यास सेकंदाचा शंभरावा हिस्साहि पुरतो. कारण गेलें, पण 'हलूं नका' ही आज्ञा मात्र मागें राहिली.

नाचणारें अंग थांबलें असतांहि जिवंत कसें दिसावें, याचा पाठ घेण्यास कोल्हापूरकरांस दूर जावयास नको. महालक्ष्मीच्या देवळाच्या बाहेरील भिंतींवर नर्तकींच्या आणि वादकांच्या मूर्ति कोरलेल्या आहेत. शिरोळ तालुक्यांत कृष्णेच्या कांठीं खिद्रापूर येथें शिलाहारांच्या काळचें, बाराव्या शतकांतील कोपेश्वराचें देऊळ आहे. तेथील सुरसुंदरीहि थांबून पाहण्यासारख्या आहेत. आपल्या शिल्पकारांनीं उभें राहण्याच्या तऱ्हांना नांवें दिलीं आहेत. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभें राहणें तो समभंग. त्यांत किंचित् कल आला कीं तो आभंग. आणि मान, कंबर व गुडघा अशा तीन ठिकाणीं वळण पडलें कीं तो त्रिभंग. समभंग पूजेच्या मूर्तीस शोभतो, कारण तेथें निश्चलताच दाखवावयाची असते. नर्तकीस त्रिभंग शोभतो. भिंतीवरची ती दगडी नर्तकी शतकानुशतकें एका जागीं उभी आहे, तरी पुढचें पाऊल आतां पडेल असें पाहणाऱ्यास वाटतें. फोटोंत चूक होते ती नेमकी येथें. वेष नर्तकीचा केलेला असतो आणि उभें मात्र पूजेच्या मूर्तीसारखें राहिलें जातें.

दुसरें उदाहरण बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) यांचें. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारा कोल्हापूरचा हा चित्रकार पुढें चित्रपटाकडे वळला, स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आणली. चित्रण सुरू होण्यापूर्वीं वेषभूषा, देखावे आणि पात्रांच्या हालचाली कागदावर रेखाटून घेण्याची त्यांची रीत होती. कॅमेऱ्यासमोर उभें राहिल्यावर विचार करावयाचा नसतो, तो आधीं करून ठेवावयाचा असतो, हा त्या रीतीचा बोध घरच्या फोटोलाहि लागू आहे.

मग नृत्य करणारानें आधीं काय ठरवावें? फोटोकरितां नवी ऐट शोधूं नये; दुसऱ्याच्या फोटोंतील तर मुळींच उसनी घेऊं नये. आपल्याच नृत्यांत पहावें. कथक असो वा लावणी असो, आवर्तन पुरें होऊन सम आली कीं अंग क्षणभर थांबतें. तो थांबा शेंकडों वेळां गिरविलेला असतो आणि अंगाला तो तोंडपाठ असतो. तोच फोटोसाठीं निवडावा. त्याच्या आधींचीं दोन आवर्तनें प्रत्यक्ष नाचून समेवर थांबावें, आणि फोटो काढणारानें त्याच क्षणीं बटण दाबावें. म्हणजे हातांचें काय करावें हा प्रश्नच उरत नाहीं. रिकामे हात लाजतात. कामांत असलेल्या हातांना लाजावयास सवड नसते.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण उपयोगी आहेत. भार एका पायावर टाकून दुसरा गुडघा सैल सोडावा. कोपर अंगाशीं चिकटूं देऊं नये. कोपर आणि कंबर यांच्यामधून थोडा उजेड दिसला कीं आकृति रेखीव होते. बटण दाबण्यापूर्वीं श्वास हलकेच सोडावा, कारण रोखलेला श्वास खांदे वर उचलतो. कोल्हापुरी साज घातला असेल तर हनुवटी छातीकडे झुकवूं नये. मराठी नथ डाव्या नाकपुडींत असते. यास्तव चेहरा किंचित् आपल्या उजवीकडे वळविला तर डावा गाल कॅमेऱ्याकडे येतो आणि नथ उठून दिसते.

फोटो काढणाराचीहि कांहीं जबाबदारी आहे. मोबाइल अगदीं तोंडाजवळ नेला तर नाक मोठें आणि कान लहान दिसतात. चार पावलें मागें सरावें. पायांतील घुंगरांसह सबंध आकृति घ्यावयाची असेल तर कॅमेरा कंबरेच्या उंचीवर धरावा. वरून घेतल्यास पाय आंखूड दिसतात. भर दुपारच्या उन्हांत डोळ्यांखालीं काळोख सांचतो; त्यापेक्षां खिडकींतून एका बाजूनें येणारा उजेड शतपटीनें बरा. समूह असेल तर डोकीं सारीं एका ओळींत नसावींत. कांहींनीं बसावें, कांहींनीं उभें रहावें. आणि कोणाची मान वा हात नीट करावयाचा झाल्यास तो शब्दांनीं करावा, न विचारतां अंगाला हात लावून करूं नये. संकोचलेली मुद्रा मागाहून कोणत्याहि युक्तीनें खुलत नाहीं.

एक गोष्ट मात्र लहान नाहीं. पूर्वीं स्टुडिओंत पेन्सिलीनें नेगेटिव्हवर हात फिरवून चेहरा गुळगुळीत करीत. आज तेंच काम मोबाइल न सांगतांहि करून टाकतो. सांवळी मुलगी गोरी होते, गालावरचा तीळ जातो, नाक बारीक होतें. आईबापांना क्षणभर बरें वाटतें. परंतु मुलगी त्यांतून मुकाट्यानें एवढेंच शिकते कीं आपला खरा चेहरा फोटोंत ठेवण्याजोगा नाहीं. आणखी चाळीस वर्षांनीं तिची नात तो फोटो हातीं घेईल आणि आपला रंग, आपलें नाक आजींत शोधील. तें तिला सांपडावयास हवें.

शाहू महाराजांनीं बांधविलेलें पॅलेस थिएटर १९१५ सालीं पुरें झालें. पुढें त्यास केशवराव भोसले यांचें नांव मिळालें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं त्यास आग लागली आणि गांवानें तो रंगमंच जळतांना पाहिला. त्या फळ्यांवर ज्यांनीं कधीं काळीं पाय थिरकविले, त्यांच्यापाशीं त्या संध्याकाळचें काय उरलें असेल? बहुतेकांपाशीं एखादा फोटो. तो हातांत घेतला असतां साजाचें वजन किंवा लुगड्याची किंमत कोणी विचारीत नाहीं. ही कोण, आणि त्या वेळीं ती कशी नाचत होती, एवढेंच विचारतात. फोटोनें त्या दोन प्रश्नांचें उत्तर दिलें, म्हणजे तो चांगला आला.